गणिती पास्कल आणि त्याची पैज

पदार्थविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पास्कलचें नांव ठाऊक असतें. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा त्याचा नियम पाठ केल्यावांचून वरच्या इयत्तेंत जातां येत नाहीं. बीजगणितांत पुढें गेलेल्यांना त्याचा अंकांचा त्रिकोण भेटतो. आणि १९७१ पासून तर दाब मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककालाच त्याचें नांव मिळालें आहे. पण ज्याचें नांव आपण परीक्षेच्या आदल्या रात्रीं घोकतों, तो स्वतः कोणत्या परीक्षेची तयारी करीत होता, हें क्रमिक पुस्तकांत सांगितलेलें नसतें. मरणानंतर आत्म्याचें काय होतें, हा प्रश्न त्याला आयुष्याच्या शेवटच्या आठ वर्षांत इतर सर्व प्रश्नांहून मोठा वाटला. आणि त्याचें जें उत्तर त्याला पटलें, त्याप्रमाणें जगण्याची त्यानें शिकस्त केली. ती हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

ब्लेझ पास्कल याचा जन्म १९ जून १६२३ रोजीं फ्रान्स देशांतील ओव्हेर्न प्रांतांत क्लेरमाँ या गांवीं झाला. बाप एतिएन पास्कल हा करविषयक न्यायालयांत वरिष्ठ अधिकारी असून गणिताचा व्यासंगी होता. ब्लेझ तीन वर्षांचा असतांना आई वारली. मागें तीन मुलें राहिलीं: थोरली जिल्बेर्त, मधला ब्लेझ आणि धाकटी जाक्लीन. बापानें दुसरें लग्न केलें नाहीं. १६३१ सालीं तो मुलांना घेऊन पॅरिसला आला आणि त्यांचें शिक्षण त्यानें स्वतःच हातीं घेतलें. ब्लेझ कोणत्याहि शाळेंत कधींच गेला नाहीं.

आधीं भाषा, मग गणित, असा बापाचा नेम होता. लॅटिन व ग्रीक पक्क्या होईपर्यंत मुलाच्या हातीं भूमिति पडूं नये म्हणून त्यानें त्या विषयाचीं सारीं पुस्तकें दृष्टीआड ठेविलीं होतीं. पण मनाई केलेल्या गोष्टीची ओढ अधिक असते. खेळण्याच्या वेळांत बारा वर्षांचा ब्लेझ कोळशानें जमिनीवर आकृति काढीत बसे. वर्तुळाला काय म्हणतात, रेषेला काय म्हणतात, हेंहि त्याला कोणी सांगितलेलें नव्हतें. म्हणून त्यानें आपलीं घरगुती नांवें ठेवून काम भागविलें. एके दिवशीं बाप खोलींत आला, तेव्हां त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हें सिद्ध करण्यांत मुलगा गढून गेलेला होता. बापाच्या डोळ्यांत आनंदाश्रु उभे राहिले आणि मनाई तेथेंच संपली. ही गोष्ट जिल्बेर्तनें पुढें लिहिलेल्या भावाच्या चरित्रांत आहे. पास्कलच्या घरगुती आयुष्याविषयीं आपल्याला जें कळतें, त्यांतील बरेंचसें तिच्याच लेखणीचें देणें होय. ती लेखणी बहिणीची आहे, हें मात्र वाचकानें लक्षांत ठेवावें.

शंकुच्छेदांवर त्यानें लिहिलेला छोटा निबंध १६४० सालीं, तो अवघा सोळा वर्षांचा असतांना, छापला गेला. त्याच सुमारास बापाची नेमणूक रूआँ येथें करवसुलीच्या कामावर झाली. आंकड्यांच्या राशींपुढें बसलेल्या बापाचे श्रम पाहून मुलाच्या मनांत आलें कीं, हातचा धरण्याचें काम यंत्राकडून कां करून घेऊं नये? १६४२ सालीं त्यानें दांत्यांच्या चक्रांचें हिशेबी यंत्र बनविण्यास आरंभ केला. पन्नासांहून अधिक नमुने करून टाकून दिले, तेव्हां कोठें मनासारखें यंत्र उतरलें. त्यांपैकीं कांहीं यंत्रें आजहि संग्रहालयांत जपून ठेविलेलीं आहेत. या परिश्रमांनीं त्याची प्रकृति मात्र कायमची ढासळली. अठराव्या वर्षापासून दुखण्यावांचून आपला एकहि दिवस गेला नाहीं, असें तो पुढें घरच्यांस सांगत असे.

घराण्यांत धर्माचरण होतेंच. पण तें चारचौघांप्रमाणें होतें. १६४६ च्या जानेवारींत बाप बर्फावरून घसरून पडला व त्याच्या मांडीला जबर इजा झाली. दोन हाडवैद्य बंधु तीन महिने घरीं राहून त्याच्यावर उपचार करीत होते. पोर-रोयाल नांवाच्या मठाभोंवतीं जमलेल्या, कडक शिस्तीच्या ख्रिस्ती मंडळीच्या विचारांचा या बंधूंवर पगडा होता. रोग्याची शुश्रूषा करतां करतां त्यांनीं घरांतल्या माणसांशीं धर्माच्या गोष्टी केल्या, वाचावयास पुस्तकें दिलीं. आयुष्याचा एक कोपरा देवाला देऊन भागत नाहीं, द्यावयाचें तर सर्व द्यावें लागतें, हा विचार त्या घरांत शिरला तो असा. प्रथम तो तेवीस वर्षांच्या ब्लेझनें उचलला, आणि त्यानें तो धाकट्या बहिणीला दिला. पण दिव्यानें दिवा लावावा आणि पहिला मंदावावा, तसें पुढें झालें.

त्या वर्षांत त्याचें चित्त पाऱ्याच्या नळींत गुंतलें होतें. तोरिचेली या इटालियन शास्त्रज्ञानें दाखविलें होतें कीं, पाऱ्यानें भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यांत उलटी धरली म्हणजे पारा कांहीं उंचीवर थांबतो. त्याला कोण तोलून धरतें? बाहेरची हवाच आपल्या वजनानें तोलून धरते, असें असेल तर उंच पर्वतावर, जेथें वरची हवा कमी, तेथें पारा खालीं उतरला पाहिजे. पास्कल स्वतः आजारी. म्हणून त्यानें आपला मेहुणा फ्लोरँ पेरिये याजकडून हा प्रयोग करविला. १९ सप्टेंबर १६४८ रोजीं पेरिये क्लेरमाँजवळच्या प्वी-द-दोम पर्वतावर चढला. शिखरावर पारा तीन इंचांहून अधिक खालीं उतरला. पायथ्याशीं ठेविलेल्या दुसऱ्या नळीवर एक मठवासी दिवसभर नजर ठेवून होता. तींतील पारा जागचा हलला नाहीं. डोळ्यांना न दिसणाऱ्या हवेला वजन आहे, हें तिच्या परिणामावरून जगाला कळलें. हा प्रयोग वाचकानें ध्यानांत ठेवावा. शेवटीं त्याचें काम पडणार आहे.

२४ सप्टेंबर १६५१ रोजीं एतिएन पास्कल वारला. जिल्बेर्त व तिचा नवरा त्या वेळीं दूर क्लेरमाँला होतीं. त्यांच्या सांत्वनासाठीं ब्लेझनें ऑक्टोबरांत एक दीर्घ पत्र लिहिलें. मृत्यु हा केवळ निसर्गाचा अपघात मानला तर तो भयंकरच आहे. पण ख्रिस्ताच्या मरणाशीं व उत्थानाशीं त्याचा संबंध जोडून पाहिला म्हणजे भयाची जागा आशा घेते, हा त्या पत्राचा मुख्य आशय होय. रडूं नये असें त्यानें लिहिलें नाहीं. अश्रु साहजिक आहेत, पण ते शेवटचा शब्द नव्हेत, असा त्याचा भाव. आणि मग तो एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. मृतांवर प्रेम करण्याचा एक खात्रीचा मार्ग असा कीं, ते हयात असते तर आपल्याला जें करावयास सांगते, तें आपण आज करावें. म्हणजे ते एका परीनें आपल्या ठायीं पुन्हां जगतात. परलोकाचा विचार करतां करतां पास्कल असा पुन्हां पुन्हां इहलोकींच्या कर्तव्यावर येतो.

पण लिहिणें निराळें आणि जगणें निराळें. पत्राची शाई वाळून चार महिनेहि झाले नव्हते, तोंच जाक्लीन पोर-रोयालच्या मठांत दाखल झाली. बाप हयात असतांना त्यानें तिला परवानगी दिली नव्हती. आतां भावानें आडकाठी घेतली. बापाच्या मालमत्तेंतील आपला वांटा तिला मठास द्यावयाचा होता, आणि तो सोडून देण्यास भावाचा हात धजेना. जिला त्यानेंच धर्माची गोडी लावली, तिलाच तो हिशेबाच्या गोष्टी सांगूं लागला. ती फार दुखावली. शेवटीं १६५३ सालीं त्यानें स्वतःहून रक्कम दिली व प्रकरण मिटलें. परंतु परलोकावर एवढें उदात्त पत्र लिहिणारा हा पुरुष पैशाच्या पहिल्याच कसोटीला कमी उतरला, ही गोष्ट त्याच्या चरित्रांतून वगळतां येत नाहीं. ती वगळूं नयेच. कारण पुढें जें घडलें, त्याची किंमत तिच्यामुळेंच कळते.

या काळांत तो पॅरिसच्या प्रतिष्ठित मंडळींत वावरत होता. रोआनेझचा तरुण ड्यूक त्याचा जिवलग मित्र झाला होता. जुगाराच्या बैठकींत रमणाऱ्या एका सरदारानें त्याच्यापुढें एक कोडें टाकलें: डाव मध्येंच मोडला तर पणाला लावलेल्या पैशांची वांटणी कशी करावी? १६५४ सालीं पास्कल व तुलूझ येथील गणिती फेर्मा यांच्यांत या प्रश्नावर पत्रव्यवहार झाला आणि त्यांतून संभाव्यतेचें गणित जन्मास आलें. पास्कलनें घेतलेलें उदाहरण सोपें आहे. दोन खेळाडूंनीं प्रत्येकीं ३२ नाणीं लाविलीं. जो आधीं तीन डाव जिंकेल, त्यास सर्व ६४ मिळावयाचीं. एकाचे दोन डाव व दुसऱ्याचा एक झाला असतां खेळ मोडला. पुढचा डाव पहिल्यानें जिंकला असता तर त्यास ६४ मिळालीं असतीं. हरला असता तर बरोबरी होऊन ३२ मिळालीं असतीं. म्हणजे ३२ तर त्याचीं नक्कीच. उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क. म्हणून पहिल्यास ४८ व दुसऱ्यास १६. या हिशेबांतील नवलाची गोष्ट ही कीं, जो डाव अजून खेळला गेलाच नाहीं, तोहि आजच्या वांटणींत मोजावा लागतो. न दिसणारें भविष्य आजच्या कृतीचा भाव ठरवितें. पास्कलच्या मनांत हें बीज पडून राहिलें.

त्याच वर्षाच्या शरदऋतूंत तो वारंवार मठांत जाऊन जाक्लीनला भेटूं लागला. जगाचा वीट आला आहे, पण देवाची ओढ लागत नाहीं, अशा कोरड्या मनःस्थितींत तो होता. आणि मग २३ नोव्हेंबर १६५४ ची रात्र आली. रात्रीं सुमारें साडेदहापासून साडेबारापर्यंत त्याला जो अनुभव आला, तो त्यानें तुटक शब्दांत एका कागदावर उतरविला. तत्त्ववेत्त्यांच्या तर्कांत सांपडणारा देव नव्हे, तर पूर्वजांना भेटलेला जिवंत देव आपल्याला भेटला, अशी त्याची साक्ष आहे. त्यानें तो कागद आपल्या अंगरख्याच्या अस्तरांत शिवून टाकला. अंगरखा बदलला कीं टांका उसवून तो नव्या अंगरख्यांत शिवी. याविषयीं तो कोणाशीं अवाक्षर बोलला नाहीं. त्याच्या मरणानंतर एका नोकराच्या हाताला अस्तर जाड लागलें, तेव्हां तो कागद जगाला कळला.

यापुढें पोर-रोयालच्या मंडळीशीं त्याचा संबंध घट्ट झाला. त्यांच्या बाजूनें त्यानें १६५६ व १६५७ सालीं अठरा पत्रें प्रसिद्ध केलीं. फ्रेंच गद्याचा तो एक आदर्श मानला जातो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे तो त्याचा अपुरा राहिलेला ग्रंथ. धर्माविषयीं उदासीन असलेल्या सुशिक्षित माणसांसाठीं, म्हणजे आपल्याच जुन्या मित्रांसाठीं, तो ख्रिस्ती धर्माचें समर्थन लिहूं इच्छीत होता. १६५९ पासून दुखणें बळावलें आणि ग्रंथ झाला नाहीं. लहानमोठ्या कागदांवर लिहिलेलीं आठशेंहून अधिक टिपणें मात्र मागें राहिलीं. तीं १६७० सालीं प्रसिद्ध झालीं. ‘विचार’ या अर्थाच्या साध्या नांवानें तो ग्रंथ आज जगभर वाचला जातो.

या टिपणांत पास्कलला सर्वांत मोठें आश्चर्य वाटतें तें नास्तिकाचें नव्हे, तर बेफिकीर माणसाचें. आत्मा मरतो कीं राहतो, यावर आपल्या साऱ्या वर्तनाची दिशा अवलंबून असतां माणसें या प्रश्नाची चौकशीहि करीत नाहींत. एक पैसा हरवला तर रात्रभर तळमळतात, थोडा अपमान झाला तर महिनाभर धुमसतात, आणि मृत्यूच्या दारांत उभे असतांना पत्त्यांचा डाव मांडतात. जो शोध करूनहि सांपडलें नाहीं म्हणून कष्टी होतो, त्याच्याविषयीं पास्कलला करुणा आहे. जो शोधच करीत नाहीं, त्याच्यापुढें तो थक्क होतो.

अशा माणसापुढें त्यानें आपली प्रसिद्ध पैज ठेविली. तिचा आशय असा: देव आहे कीं नाहीं, हें बुद्धि निश्चयानें सांगूं शकत नाहीं. नाणें उडालें आहे. तें कोणत्या बाजूनें पडेल तें या आयुष्यापलीकडे दिसेल. मी कोणतीच बाजू घेत नाहीं, असें म्हणावयाची सोय नाहीं. कारण आपण नावेंत बसलेलेच आहों, आणि प्रत्येक दिवस कोणत्या तरी एका बाजूनें जगला जातोच. मग हिशेब पाहा. देव आहे असें धरून चाललों आणि तें खरें ठरलें, तर लाभ अनंत. खोटें ठरलें, तर गेलें तें मर्यादित. मर्यादित पण लावून अनंताची आशा असेल, तर शहाण्या माणसानें कोणती बाजू घ्यावी?

या युक्तिवादावर पुढें पुष्कळ टीका झाली, आणि ती सारी पोकळ नाहीं. व्हॉल्तेरनें १७३४ सालीं आक्षेप घेतला कीं, एकादी गोष्ट मानण्यांत माझा फायदा आहे, एवढ्यानें ती खरी ठरत नाहीं. दिदरोनें म्हटलें कीं, हाच युक्तिवाद दुसऱ्या धर्माचा उपदेशकहि करूं शकेल. आणि साध्या भाविकाच्याहि मनांत येतें कीं, नफातोट्याचा हिशेब करून देवाकडे जाणें हें प्रेम नव्हे. पण हें टिपण शेवटपर्यंत वाचणारास दिसतें कीं, या शेवटच्या आक्षेपाची जाणीव पास्कललाहि होती. त्याचा कल्पित मित्र म्हणतो कीं, हिशेब पटला, पण माझें मन विश्वास ठेवूं शकत नाहीं. मी काय करूं? पास्कल त्याला आणखी एक प्रमाण देत नाहीं. तो त्याला सांगतो कीं, ज्यांना विश्वास लाभला, ते ज्या वाटेनें गेले त्या वाटेनें चालावयास लाग. आड येते ती तुझी बुद्धि नव्हे, तुझ्या वासना आड येतात. आणि मग तो विचारतो कीं, यांत तुझा तोटा तरी कोणता? तूं प्रामाणिक होशील, नम्र होशील, कृतज्ञ, परोपकारी आणि खरा मित्र होशील. विषारी सुखें सुटतील. पण तुला दुसरीं मिळतील. सारांश, या पैजेचा लाभ मरणानंतर सुरू होत नाहीं. तो याच आयुष्यांत हातीं येऊं लागतो.

येथें एक शंका विचारी विद्यार्थ्यास येईल. अनंतापुढें मर्यादित संख्या शून्यवत् होते. मग अनंतकाळापुढें हीं साठसत्तर वर्षेंहि शून्यवतच. त्यांत दुःख असलें काय, अन्याय असला काय, कोणाचें काय बिघडलें? परलोकावरील विश्वासाचा असा उपयोग पुष्कळांनीं केलेलाहि आहे. उपाशी माणसास स्वर्गाचें वचन देऊन वाटेला लावणें सोपें असतें. पास्कलनें असें कां केलें नाहीं? कारण त्याच्याच हिशेबांत हें आयुष्य म्हणजे पणाला लावावयाचें नाणें आहे. आपल्याजवळ नाणें एकच आहे, आणि अनंताचा डाव त्यावर लागलेला आहे. म्हणून त्यांतील एक दिवसहि क्षुल्लक नाहीं, आणि ज्याच्यावर तो डाव लागलेला आहे, असा समोरचा एकहि मनुष्य क्षुल्लक नाहीं. पास्कलचीं शेवटचीं वर्षें या समीकरणाचें उत्तर होत.

तीं वर्षें सर्वस्वीं अनुकरणीय होतीं, असें मात्र कोणी समजूं नये. तो देहाला फार कठोरपणें वागवी. मनांत गर्व आला तर टोंचावा म्हणून अणकुचीदार लोखंडी कमरपट्टा अंगाशीं बाळगी. ४ ऑक्टोबर १६६१ रोजीं जाक्लीन छत्तिसाव्या वर्षीं वारली. तिच्यावर त्याचें प्रेम सर्वांत अधिक, तरी त्यानें शोक बाहेर दिसूं दिला नाहीं. जिल्बेर्त त्याची सेवा करी, आणि तो तिच्याशीं इतक्या कोरडेपणानें वागे कीं, भावाला आपली माया नाहीं असें वाटून ती मनांतून झुरत असे. त्याच्या मरणानंतर एक चिठी सांपडली. आपण मरून जाणारे आहों, तेव्हां आपल्यावर कोणीं जीव लावावा हें बरोबर नव्हे. तो देवावरच लावावा, असा तिचा आशय होता. बहिणीला उलगडा झाला, पण उशिरा. अनंताकडे पाहणारास जवळच्या माणसाच्या डोळ्यांतलें पाणी कधीं कधीं दिसत नाहीं. पास्कलहि यांतून सुटला नाहीं.

परंतु गरिबांच्या बाबतींत त्याचा हात आतां धजत होता. १६६२ सालीं त्यानें व ड्यूक रोआनेझनें मिळून पॅरिसमध्यें एक नवी व्यवस्था सुरू केली. ठराविक मार्गावरून, ठराविक वेळीं, भरलेली असो वा रिकामी असो, घोड्यांची गाडी निघावयाची, आणि ५ सू भाडें देणारास तींत जागा मिळावयाची. १८ मार्च १६६२ रोजीं पहिली गाडी धांवली. आज आपण शहरांत ज्या सार्वजनिक बसगाडींतून जातों, तिची ही पणजी होय. त्या हिंवाळ्यांत ब्ल्वा प्रांतांत दुष्काळानें लोक मरत होते. धंदा सुरू होतांच पास्कलनें ठरविलें कीं, आपल्या वांट्यापैकीं १,००० फ्रँक आगाऊ घेऊन तिकडे पाठवावे. जिल्बेर्तनें शहाणपणाची गोष्ट सांगितली कीं, धंद्याचा अजून भरंवसा नाहीं, एक वर्ष थांबावें. त्याचें म्हणणें असें कीं, भूक एक वर्ष थांबत नाहीं. ती आगाऊ रक्कम कांहीं मिळाली नाहीं. पण दहा वर्षांपूर्वीं बहिणीच्या वांट्यावर अडून बसलेला आणि आतां न मिळालेला पैसा वांटावयास निघालेला, हे दोघे एकच गृहस्थ आहेत, हें पाहून मन थक्क होतें.

मरणापूर्वीं सुमारें तीन महिने, प्रार्थना आटोपून येत असतां रस्त्यांत पंधराएक वर्षांच्या एका खेडवळ मुलीनें त्याच्याजवळ भीक मागितली. बाप मेलेला, आणि आईला त्याच दिवशीं इस्पितळांत नेलेलें. मोठ्या शहरांत अशा मुलीवर कोणता प्रसंग येईल, हें ओळखून तो तिला तडक एका धर्मगुरूकडे घेऊन गेला, तिच्या निर्वाहासाठीं पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशीं तिच्या कपड्यांची व राहण्याची सोय पाहावयास एक बाई पाठविली. धर्मगुरूनें दात्याचें नांव पुष्कळ विचारलें. तें सांगण्याची बाईला मनाई होती.

याच सुमारास त्यानें एका गरीब कुटुंबाला आपल्या घरांत आश्रय दिला होता. त्यांच्या एका मुलाला देवी आल्या. पास्कल स्वतः अंथरुणावर. त्याची शुश्रूषा करावयास जिल्बेर्त रोज येई, आणि तिच्या घरीं मुलें होतीं. सांथ तिच्या घरीं जाऊं नये म्हणून त्या मुलाला दुसरीकडे हलवावें, असें सर्वांस वाटलें. घर पास्कलचें, कोणीं त्याला दोषहि दिला नसता. पण त्यानें म्हटलें कीं, हलण्यांत त्या मुलाला जितका धोका, तितका मला नाहीं. २९ जून १६६२ रोजीं त्यानें आपलेंच अंथरूण उचलविलें आणि तो बहिणीच्या घरीं राहावयास गेला. स्वतःच्या घरीं तो पुन्हां आला नाहीं.

बहिणीच्या घरीं त्याला सर्व उपचार मिळत होते, आणि त्याचीच त्याला टोंचणी लागली. आपल्याइतकाच आजारी असा एकादा गरीब शोधून आणावा व त्याची अगदीं आपल्यासारखीच सेवा करावी, असा त्यानें आग्रह धरला. हलवितां येईल असा रोगी मिळाला नाहीं. तेव्हां असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत गरिबांच्या संगतींत मला मरूं द्या, असें तो विनवूं लागला. वैद्यांनीं तेंहि मानलें नाहीं. १९ ऑगस्ट १६६२ रोजीं मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास त्यानें प्राण सोडला. वय एकोणचाळीस वर्षें व दोन महिने. पॅरिसच्या सेंट-एतिएन-द्यु-माँ या मंदिरांत त्याला पुरलें.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यासारख्या शाळेंत एकाच बांकावर निरनिराळ्या धर्मांचीं मुलें बसतात. मरणापलीकडच्या गोष्टी प्रत्येकाच्या घरीं निराळ्या ऐकविल्या जातात. कोठें पुनरुत्थान, कोठें पुनर्जन्म, कोठें न्यायाचा दिवस. आणि कित्येक घरीं त्याविषयीं कांहींच बोललें जात नाहीं. त्या सर्वांचा निवाडा या चार पानांत होणार नाहीं. पण प्वी-द-दोमचा प्रयोग आठवा. हवा कोणाला दिसली नाहीं. पारा हलला तो सर्वांना दिसला. परलोकावरील विश्वासहि डोळ्यांना दिसत नाहीं. तो आहे कीं नुसता ओठांवर आहे, हें पाहावयाचें असेल तर माणसाच्या आजच्या दिवसाकडे पाहावें: तो पैसा कसा सोडतो, भुकेल्याला उद्यांची वाट पाहावयास लावतो कीं काय, आणि दुखणाईत पोराला हलवावें कीं स्वतः हलावें, असा प्रसंग आला म्हणजे कोणाचें अंथरूण उचलतो. पास्कलची पैज खरी होती कीं कसें, याविषयीं विद्वान् वाद घालोत. त्यानें आपलें एकुलतें एक नाणें त्या पैजेवर लाविलें, एवढें मात्र निश्चित. आणि त्याचा पहिला लाभ झाला तो देवी आलेल्या त्या मुलाला.